दाद कोणाकडे मागावी?

एखाद्या वाचनालयाची किंवा शिक्षणसंस्थेची वार्षिक सभा आटोपते, मते मोजली जातात, आणि दुसऱ्या दिवशी त्या संस्थेस दोन अध्यक्ष व दोन चिटणीस लाभलेले असतात, हा देखावा महाराष्ट्रातील नागरिकांस नवा नाही. दोघांजवळही इतिवृत्त असते, दोघांजवळही शिक्का असतो. सह्या कोणाच्या मानाव्या हे न कळून बँक खाते गोठविते. आणि ज्याने कोणालाच मत दिलेले नसते असा शिक्षक किंवा ग्रंथपाल पगाराविना राहून या भांडणाचा पहिला बळी ठरतो. अशा वेळी अन्याय झाला असे म्हणणाऱ्या सभासदाने जावयाचे कोठे?

१८६० चा संस्था नोंदणी कायदा या बाबतीत जवळजवळ मुका आहे. कार्यकारी मंडळाची यादी दरवर्षी निबंधकाकडे पाठवावी, असे तो सांगतो. पण यादीतील माणसे रीतसर निवडून आली की नाही, हे ठरविण्याचा अधिकार मूळ कायद्याने निबंधकास दिलेला नाही. उत्तर प्रदेशाने आपल्यापुरती या कायद्यात सोय करून घेतली. तेथे निबंधकाने, किंवा किमान एक चतुर्थांश सभासदांनी, वाद नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे नेला की तो संक्षिप्त चौकशी करून निवाडा देतो.

महाराष्ट्राचा मार्ग निराळा. धार्मिक वा धर्मादाय हेतूने स्थापन होऊन नोंदलेली संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याने विश्वस्तसंस्था ठरते, आणि मंडळ बदलले की कलम २२ अन्वये नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. त्यावर हरकत आली की निवडणूक वैध की अवैध, याची चौकशी धर्मादाय कचेरीत सुरू होते. दिवाणी न्यायालयात गेलेल्या सभासदापुढे मग प्रतिपक्षाचा वकील कलम ८० ठेवतो: या कायद्याखालील अधिकाऱ्याने ठरवावयाचा प्रश्न दिवाणी न्यायालयास ठरविता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ९ उलट सांगते की, स्पष्टपणे वा गर्भितपणे मनाई नसेल तर दिवाणी स्वरूपाचा प्रत्येक दावा न्यायालयाने चालविलाच पाहिजे. या दोन कलमांच्या मध्ये सभासद उभा असतो. दावा चालू शकतो की नाही, याच वादात पहिले वर्ष सरते.

बदल अर्जाची वाट वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. तेथील अधिकाऱ्यास संस्थेची घटना व हिशेब यांचा सराव असतो. परंतु ही वाट बदल घडून गेल्यानंतरच उघडते. ज्याचे नाव मतदानापूर्वीच यादीतून गळले, ज्याचा उमेदवारी अर्ज खिडकीवरूनच परत आला, त्याच्यासाठी तेथे त्या घटकेस काहीच नसते. शिवाय अर्ज, त्यावर अपील, त्यापुढे न्यायालय, अशी पायरी चढताना तीन वर्षांच्या मंडळाची मुदत संपून जाते आणि निकाल हाती येतो तो इतिहासजमा झालेल्या मंडळाविषयी. दरम्यान वादग्रस्त मंडळाने नेमणुका केलेल्या असतात, नवे सभासद करून घेतलेले असतात, आणि पुढची निवडणूक त्याच सभासदांच्या बळावर जिंकलेली असते.

खरा घोळ मतपेटीत क्वचितच असतो. तो पावतीपुस्तकात असतो. तीन महिन्यांहून अधिक वर्गणी थकलेल्या इसमास मताचा अधिकार नाही, असे १८६० च्या कायद्याचे कलम १५ म्हणते. कलम शहाणपणाचे आहे. पण वर्गणी घेणारा चिटणीसच उमेदवार असेल तर कोणाची पावती फाडावयाची व कोणास ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणावयाचे, हे त्याच्या मर्जीवर राहते. अशा सभासदाचा हक्क हा शुद्ध दिवाणी हक्क होय. तो मतदानापूर्वी न्यायालयाकडे आला तर त्यास कलम ८० दाखवून परत पाठविणे आम्हांस मुळीच मान्य नाही.

न्यायालयाने प्रत्येक वाचनालयाची मते मोजीत बसावे, असा याचा अर्थ नव्हे. बेळगावच्या एका फ्रीमेसन लॉजमधून काढलेल्या सभासदाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली मर्यादा आखून दिली आहे. संस्थेच्या निर्णयावर न्यायालय अपील ऐकत नाही. अधिकार होता की नाही, सद्‌हेतू होता की नाही, आणि बाजू मांडण्याची संधी दिली की नाही, एवढेच ते पाहते. तो वाद निवडणुकीचा नव्हता, पण हा मापदंड मतदारयादीस लावण्यास आम्हांस अडचण दिसत नाही.

तेव्हा विधिमंडळाने मतदानापूर्वीच्या सभासदत्वाच्या वादास दिवाणी न्यायालयाचा दरवाजा निःसंदिग्ध शब्दांत खुला ठेवावा. मतदानानंतरचा वाद धर्मादाय अधिकाऱ्याकडेच राहू द्यावा, मात्र निकालास सहा महिन्यांची सक्तीची मुदत घालावी, आणि तोवर वादग्रस्त मंडळास नवे सभासद करून घेण्याची मनाई असावी. सहकारी संस्थांच्या वादांसाठी याच राज्याने १९६० च्या कायद्यात स्वतंत्र व्यवस्था केली. मग ग्रंथालयाच्या सभासदाने वर्षानुवर्षे तारखा का घ्याव्यात, हे कळत नाही. आणि संस्थांनी तरी कायद्याची वाट का पाहावी? मतदानाच्या महिनाभर आधी वर्गणीच्या पावती क्रमांकांसह मतदारयादी फलकावर लावण्यास कोणत्याही अधिकाऱ्याची परवानगी लागत नाही.