शब्दाची पत

सरकारी टाकसाळीत पाडलेले, सिंहमुद्रा धारण करणारे दहा रुपयांचे नाणे हाती घेऊन वाणी म्हणतो, "हे चालत नाही", आणि गिऱ्हाईक निमूटपणे ते परत खिशात घालते, हा प्रसंग काही वर्षांपूर्वी आपल्यापैकी अनेकांनी अनुभविला असेल. नाण्यावर रुपयाचे नवे चिन्ह आहे की नाही, किरणांच्या रेषा दहा आहेत की पंधरा, यावरून खरेखोटे ठरविण्याचा उपदेश करणारा मजकूर त्या काळी घरोघरच्या भ्रमणध्वनींवर फिरत होता. अखेर १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावे लागले की, आजवर या नाण्याचे चौदा निरनिराळे नमुने काढण्यात आले असून ते सर्व वैध चलन आहेत. पत्रक वृत्तपत्रांत छापूनही आले. तरी कित्येक ठिकाणी वाण्याने आपला हेका सोडला नाही. राजमुद्रेपेक्षा कोणा अनामिकाच्या मजकुरालाच बाजारात अधिक भाव मिळाला!

मराठीत 'पत' हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. सावकाराच्या वहीत माणसाची पत असते आणि चारचौघांतही असते. व्यवहार आणि अब्रू या दोन्ही गोष्टी आपल्या पूर्वजांनी एकाच शब्दात गुंफल्या, त्या उगीच नव्हेत. समाजमाध्यमांनी अर्थव्यवहाराचे व राज्यकारभाराचे काय केले, या प्रश्नाची चर्चा आज बहुधा लोकांच्या भाबडेपणावर बोट ठेवून संपविली जाते. हे निदान आम्हांस अपुरे वाटते. अफवेची पत वाढली असेल, तर कोणाची तरी घटली आहे. आणि ती कोणाची व का घटली, हे विचारणे अधिक अगत्याचे आहे.

अफवा काही आजची नव्हे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता एका दिवसात देशभर आणि सातासमुद्रापार पोहोचली, तेव्हा साधा दूरध्वनीच तेवढा होता. मग नवे काय? प्रस्तुत लेखक शाळामास्तर असताना मुलांचा कानगोष्टींचा खेळ पुष्कळदा घेत असे. पहिल्या बाकावर सांगितलेले वाक्य शेवटच्या बाकावर ओळखू येत नसे, आणि वर्ग हसत असे. त्या विपर्यासातच अफवेवरचा उतारा होता. ऐकीव गोष्ट ऐकीव वाटत असे. आज मजकुराचा कानामात्राही बदलत नाही, बदलतो तो फक्त पाठविणारा. मूळ लेखक अज्ञात राहतो आणि मजकूर मावशीकडून, व्याह्यांकडून, जुन्या मुख्याध्यापकांकडून येतो. प्रत्येकजण नकळत आपली पत त्याला उसनी देतो.

ही उसनवारी किती महाग पडते, हे धुळे जिल्ह्याने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे रविवारच्या बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी मुले पळविणारे समजून जमावाने ठेचून मारले. भिक्षेसाठी गावोगाव फिरणे हा ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय, ते एका दिवसात संशयित ठरले. त्या वर्षी देशभर फिरलेली एक चित्रफीत तर कराचीत मुलांच्या सुरक्षिततेचा धडा देण्यासाठी तयार केलेली होती. पळविलेले मूल परत आणून सोडण्याचा तिचा शेवटचा भाग कोणी तरी कापून टाकला होता. पुढे १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा मोटारचालक अशाच अफवेला बळी पडले, आणि त्यांची चिता विझण्यापूर्वीच त्या हत्येला जातीय रंग देणारी दुसरी अफवा निघाली. अटक झालेल्यांत एकही मुसलमान नाही, हे राज्याच्या गृहमंत्र्यांना जाहीर करावे लागले.

रक्तपाताचे प्रसंग डोळ्यांत भरतात. पैशाचे तसे भरत नाहीत. म्हणून मुंबईतच घडलेली एक गोष्ट जरा विस्ताराने सांगितली पाहिजे. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले. ठेवीदाराला सहा महिन्यांत एक हजार रुपयांपेक्षा अधिक काढता येणार नव्हते. औषधपाण्याचे, मुलीच्या लग्नाचे, घराच्या हप्त्याचे पैसे एका सकाळी कुलुपात गेले. या बँकेच्या एकूण कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम उद्योगसमूहात गुंतलेली होती, आणि ती लपविण्यासाठी हजारो बनावट खाती दाखविली होती, असे उघड झाले. तरीही त्याच वर्षीचा तिचा लेखापरीक्षित वार्षिक अहवाल नफा दाखवीत होता. अवघ्या दोनच दिवसांत व्हॉट्सॲपवर नवी वार्ता पसरली: रिझर्व्ह बँक आणखी नऊ बँका कायमच्या बंद करणार. रिझर्व्ह बँकेने तातडीने इन्कार केला. १ ऑक्टोबरला पुन्हा आश्वासन दिले की, देशाची बँकव्यवस्था सुरक्षित आहे, घाबरण्याचे कारण नाही.

इन्कार खरा होता आणि वार्ता साफ खोटी होती. परंतु भांडुपच्या वा मुलुंडच्या ठेवीदाराच्या जागी आपण क्षणभर उभे राहावे. ज्या कागदावर लेखापरीक्षकाची सही होती, तो खोटा निघाला. ज्या संस्थेने तपासणी करावयाची, तिला वर्षानुवर्षे पत्ता लागला नाही, किंवा लागला असल्यास तिने सांगितले नाही. अशा माणसाला 'अफवांवर विश्वास ठेवू नका' असे सांगताना मग कशावर विश्वास ठेवावा, हेही सांगावयास नको काय?

हे केवळ आपल्या सहकारी बँकांचे दुखणे आहे, असेही नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सिलिकॉन व्हॅली बँकेचे ठेवीदार म्हणजे संगणकयुगातील अग्रगण्य उद्योजक. त्यांनी ९ मार्च २०२३ या एका दिवसात ४२ अब्ज डॉलर्स काढण्यासाठी मागणी नोंदविली, आणि दुसऱ्या दिवशी ती बँक बंद झाली. बँकेचा तोटा खरा होता. पण पूर्वी ज्या धावपळीला आठवडा लागला असता, ती एकमेकांना धाडलेल्या संदेशांनी काही तासांवर आणली. शिक्षण हा भीतीवरचा उतारा नव्हे, एवढे यावरून दिसते.

सरकारने यावर शोधलेले उपाय कोणते? पहिला, शिक्षेचा. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतरच्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि दुसरीने त्यास पसंती दर्शविली, म्हणून दोघींना अटक झाली. ज्या कलमाने हे घडले ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. तरी त्या मेलेल्या कलमाखाली पोलीस गुन्हे नोंदवीतच राहिले, याबद्दल २०२१ मध्ये न्यायालयाला आश्चर्य व्यक्त करावे लागले. दुसरा उपाय, सत्याची मक्तेदारी. केंद्र सरकारच्या कारभाराविषयी खोटे काय, हे केंद्राचाच एक कक्ष ठरवील, असा नियम एप्रिल २०२३ मध्ये झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत त्यावर मतभेद झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मताने तो नियम घटनाबाह्य ठरला. हे योग्यच झाले. स्वतःच्या खटल्यात स्वतःच न्यायाधीश होणाऱ्याचा शब्द खरा असला तरी त्याला वजन राहत नाही.

या माध्यमांच्या मालकांना मात्र आम्ही इतक्या स्वस्तात सोडू इच्छीत नाही. राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपने एक मजकूर एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास भारतात बंदी केली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या मजकुराला एकाच ठिकाणची मर्यादा घातली आणि अशा मजकुराचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचे स्वतःच जाहीर केले. एवढा साधा अडसर इतका गुणकारी होता, तर तो आधी का घातला नाही? आणि ज्यांनी दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ दाखवावयाचे, त्या आम्हां वृत्तव्यवसायिकांची गोष्टही झाकून ठेवण्याजोगी नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नव्या नोटेत सूक्ष्म यंत्र बसविले आहे, ही भाकडकथा दूरचित्रवाणीच्या मोठमोठ्या वाहिन्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितली होती. मिठाच्या टंचाईची अफवाही त्याच पंधरवड्यातली. ज्यांना रांगेत तासन्‌तास उभे करून काहीच नीट सांगितले जात नव्हते, त्यांनी मिळेल ते ऐकले.

तेव्हा मूळ प्रश्न मौनाचा आहे. बँकांच्या तपासणीचे अहवाल माहितीच्या अधिकाराखाली उघड केलेच पाहिजेत, असा स्पष्ट निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये दिला होता. रिझर्व्ह बँकेने टाळाटाळ केली, म्हणून एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयाने तिला अखेरची संधी दिली. पंजाब अँड महाराष्ट्र बँक कोसळली ती त्यानंतर पाचच महिन्यांनी! पुढे बँकांनीच गुप्ततेसाठी पुन्हा न्यायालयाची पायरी चढली.

प्रत्येक शाखेत व्याजाच्या दरांचा फलक असतो. त्याच्या शेजारी, शेवटची तपासणी केव्हा झाली, कोणते दोष निघाले आणि ते दूर झाले की नाही, हे एका पानावर, ठेवीदाराच्या भाषेत लावण्यास रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांपासून आरंभ करावा, अशी आमची मागणी आहे. अशाने ठेवीदार घाबरतील, असा आक्षेप येईल, याची आम्हांस कल्पना आहे. जानेवारी २०२२ च्या विलीनीकरण योजनेने त्या बँकेच्या ज्या ठेवीदारांना पाच लाखांवरील रकमेसाठी दहा वर्षांपर्यंत थांबावयास लावले आहे, त्यांना तो आक्षेप एकदा ऐकवून पाहावा.