केळ्याची साल आणि कात्रजचा घाट

'कात्रजचा घाट दाखवणे' हा वाक्प्रचार आपण सगळेच शाळेत शिकलो. १६६३ साली लाल महालातून बाहेर पडल्यावर महाराजांच्या माणसांनी बैलांच्या शिंगांना पलिते बांधून त्यांना कात्रजच्या घाटाकडे पिटाळलं, खानाची फौज त्या उजेडामागे धावली आणि महाराज सिंहगडाकडे सुखरूप गेले, अशी ती गोष्ट. पलिते दिसले म्हणजे फौज असतेच असं नाही, हा तिचा धडा. आम्हा कात्रजकरांना तो विसरून कसं चालेल!

हा धडा आज आठवायचं कारण जरा वेगळं आहे. नात्यातली एक मुलगी पदार्थविज्ञानात पीएच.डी. करते आहे (घरच्या मंडळींना कोण ते कळलंच असेल). मी मराठी माध्यमाची बी.ए., त्यामुळे तिला प्रश्न विचारून भंडावून सोडते. तिच्याकडून जे समजलं ते आधी सांगते, मग माझं मत.

काही पदार्थांना फेरोइलेक्ट्रिक म्हणतात. विजेचा दाब दिला की त्यांच्यातले धन-ऋण भार एका बाजूला झुकतात आणि दाब काढला तरी तसेच राहतात. बेरियम टायटेनेट हा त्यातला नावाजलेला. दुसरे चुंबकीय पदार्थ, उदाहरणार्थ कोबाल्ट फेराइट. हे दोन्ही गुण एकाच पदार्थात क्वचितच नांदतात. मग दोन पदार्थ एकमेकांना घट्ट चिकटवायचे. ब्लाउजचं अस्तर आटलं की वरच्या कापडालाही चुण्या पडतात ना, तसंच. चुंबकाने कोबाल्ट फेराइटचा आकार किंचित बदलतो, तो शेजारच्या बेरियम टायटेनेटला ओढतो आणि त्यात विद्युतभार निर्माण होतो. हे उलट दिशेनेही घडवता येतं, म्हणजे विजेच्या दाबाने चुंबकत्व बदलता येतं. त्यातून कमी वीज खाणारी संगणकाची स्मृती करता येईल, अशी आशा आहे.

हे करायचं ते पातळ थरात. निर्वात पेटीत पदार्थाच्या भाजलेल्या वडीवर लेसरचे झटके मारायचे, उडालेली वाफ समोरच्या तापलेल्या स्फटिकावर बसते. थराची जाडी केसाच्या काहीशेाव्या भागाइतकी! २००४ साली 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या एका शोधनिबंधात तर हे दोन पदार्थ एकाच वडीतून उडवल्यावर आपणहून वेगळे झाले होते. बेरियम टायटेनेटच्या थरात कोबाल्ट फेराइटचे बारीक खांब उभे राहिले. काम अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात झालं, पण लेखकांत आपल्या पुण्याचे डॉ. सतीशचंद्र ओगले होते. ते आधी पुणे विद्यापीठात होते, नंतर एनसीएल आणि आयसरमध्ये आले.

आता मुद्द्याकडे येते. थर तयार झाला, पण तो खरोखर फेरोइलेक्ट्रिक आहे हे कसं ठरवायचं? विजेचा दाब वाढवत-कमी करत जायचं आणि भार मोजायचा. आलेखावर बंद वळसा उमटला की समजायचं, जमलं. पण थरातून वीज नुसती झिरपत असली तरी वळसा उमटतो! केंब्रिजच्या जेम्स स्कॉट यांनी २००८ साली केळ्याच्या सालीवर हाच प्रयोग केला आणि तिचाही छान वळसा छापून दाखवला. साल काही फेरोइलेक्ट्रिक नव्हे. हा झाला विज्ञानातला कात्रजचा घाट.

यावर उपाय आहे. एकाच दिशेने लागोपाठ दोन झटके द्यायचे. पहिल्यात खरं उलटणं आणि झिरपणं दोन्ही येतं, दुसऱ्यात फक्त झिरपणं. वजाबाकी केली की खरं काय ते उरतं. चुंबकत्वाचंही तेच. २००५ साली एका गटाने दाखवून दिलं की स्टीलच्या चिमट्याने नमुना धरला तरी तो चुंबकीय असल्याचा भास होऊ शकतो.

बिस्मथ फेराइटच्या थरावरचा २००३ सालचा गाजलेला निबंध घ्या. त्याच्या लेखकांत ओगले होते आणि बंगळूरचे उमेश वाघमारेही. त्यातला विजेचा भाग टिकला. चुंबकत्वाच्या मोठ्या आकड्यावर मात्र २००५ साली त्याच नियतकालिकात केंब्रिजकरांनी हरकत घेतली आणि मूळ लेखकांनी उत्तर दिलं. यात कुणाची नाचक्की झाली नाही. उलट विषय पुढे गेला.

माझं म्हणणं एवढंच की आपल्याकडे 'करून दाखवणाऱ्या'चं कौतुक होतं, 'तपासून बघणाऱ्या'चं होत नाही. शाळेत इतकी वर्षं मी शेजारच्या प्रयोगशाळेतलं चित्र पाहिलं. गुरुत्वाचं उत्तर ९.८ च्या जवळ आलं नाही की मुलं आकडे मागून 'बसवायची', कारण गुण उत्तराला होते. ज्याचं उत्तर ९.१ आलं आणि ज्याने ते तसंच लिहिलं, त्याचे गुण कापले जात. खरं तर त्याला विचारायला हवं होतं, 'बाळ, का आलं असेल असं?' तोच मुलगा पुढे झिरपणाऱ्या थराचा वळसा बघून थांबला असता.

कुणी म्हणेल, सगळे तपासत बसले तर नवं कोण करणार? पण दोन झटके देऊन वजाबाकी करायला असा कितीसा वेळ लागतो? खोट्या वळशामागे धावण्यात मात्र वर्षं जातात, त्यात तरुण मुलांची उमेद जाते. प्रयोगवहीत निम्मे गुण 'शंका आणि पडताळणी' यांना ठेवले तर फार काही खर्च येणार नाही.

असो. माझ्या शिक्षक वाचकांनो, तुमच्या शाळेत काय चालतं ते जरूर कळवा. आणि घरच्या मंडळींनो, ती पोर आठवडाभर एकच थर पुन्हा पुन्हा मोजत बसली तर 'अजून झालं नाही का गं?' असं विचारू नका!