‘दादा, ते कॉइलवालं ॲप आहे का?’: व्हेपची कॉइल, बॅटरी आणि २०१९ चा कायदा

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर मेसेज आला. शहाडला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहणारा, एफवायला असलेला मुलगा. “दादा, तुमचं ते कॉइलवालं ॲप अजून आहे का? एपीके पाठवा ना.”

ते ॲप मी २०१८ मध्ये लिहिलं होतं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात. माझ्या एका मित्राला व्हेपचा नाद लागला होता आणि तो तयार कॉइल न वापरता स्वतः तार गुंडाळून कॉइल बनवायचा. दरवेळी कागदावर आकडेमोड करायचा, म्हणून मी त्याला छोटं कॅल्क्युलेटर करून दिलं. तारेची जाडी टाका, वेढे टाका, ॲप रेझिस्टन्स आणि करंट सांगणार. करंट बॅटरीच्या मर्यादेत असेल तर हिरवा टिक, नसेल तर लाल फुली. मी लिहिलेलं आणि दुसऱ्या कुणीतरी खरोखर वापरलेलं ते पहिलं ॲप. त्यात एक बग होता. तो सांगण्यासाठीच हा लेख आहे, पण आधी हे यंत्र चालतं कसं ते बघू.

वात आणि तार

रीबिल्डेबल व्हेप आतून अगदी साधं असतं. एक बॅटरी, तारेची एक कॉइल आणि कॉइलच्या मधून ओवलेला कापूस. देवघरातलं निरांजन आठवा. तेल वातीतून आपोआप वर चढतं, त्याला पंप लागत नाही. धाग्यांमधल्या बारीक जागांमधून द्रव ओढला जातो, यालाच केशाकर्षण म्हणतात. व्हेपमध्ये तेलाच्या जागी प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवर आणि बहुतेक वेळा निकोटिन असतं. ज्योतीच्या जागी तापलेली तार असते. काही लोक कापसाऐवजी रेयॉनची वात वापरतात. सेंच्युरी रेयॉनच्या गावात राहणाऱ्यांना रेयॉन काय ते सांगायला नको, तेही कापसासारखं सेल्युलोजच.

वात घट्ट कोंबली तर निरांजनात तेल वर चढत नाही आणि वातच जळते. इथेही तेच होतं. प्रॉपिलीन ग्लायकॉल साधारण १८८ अंश सेल्सिअसला उकळतं, ग्लिसरीन २९० ला. द्रव असेपर्यंत त्याची वाफ होताना उष्णता खर्च होते आणि कॉइलचं तापमान आवाक्यात राहतं. द्रव संपला की तार बेफाम तापते, कापूस करपतो आणि घशात जळका झटका बसतो. त्याला ‘ड्राय हिट’ म्हणतात. त्याच वेळी ग्लिसरीन आणि ग्लायकॉल तुटून फॉर्मल्डिहाइड आणि ॲक्रोलीनसारखी रसायनं बनतात. २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकन संशोधकांचं एक पत्र छापून आलं. कमी व्होल्टेजला त्यांना फॉर्मल्डिहाइड देणारी संयुगं सापडली नाहीत, जास्त व्होल्टेजला भरपूर सापडली. इतकं तापवून कोणी माणूस ओढूच शकणार नाही, अशी टीका त्यावर झाली. पण घरी कॉइल गुंडाळणाऱ्याकडे तापमान मोजायला काय असतं? फक्त स्वतःचा घसा.

तारेचं काय? कॉइलला साधारणपणे कँथल म्हणजे लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमची तार, निक्रोम किंवा स्टेनलेस स्टील वापरतात. निक्रोम म्हणजे शेगडी-हीटरमधलीच धातूची जात. २०१८ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी ५६ जणांची रोजच्या वापरातली उपकरणं तपासली. बाटलीतल्या द्रवात धातू नगण्य होते, पण कॉइलला लागलेल्या द्रवात आणि वाफेत शिसं, निकेल, क्रोमियम वाढलेलं दिसलं. जे लोक कॉइल वारंवार बदलत होते त्यांच्या वाफेत धातूंचं प्रमाण जास्त असल्याचंही दिसलं. ‘मी दर आठवड्याला फ्रेश कॉइल टाकतो, एकदम क्लीन’ असं सांगणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

नववीतलं सूत्र आणि माझा बग

ओहमचा नियम सगळ्यांना पाठ असतो. करंट म्हणजे व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स. कॉइलचे वेढे निम्मे केले की रेझिस्टन्स निम्मा होतो आणि करंट दुप्पट. जास्त वाफ हवी म्हणून हौशी लोक रेझिस्टन्स खाली खाली नेतात. एक ओहमच्या खाली गेलं की त्याला ‘सब-ओहम’ म्हणतात.

माझ्या मित्राची कॉइल होती ०.२ ओहमची. बॅटरी १८६५० प्रकारची. हा आकडा म्हणजे सेलचं माप आहे: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. सेलवर ‘३.७ व्होल्ट, २० अँपिअर’ छापलेलं. माझ्या ॲपने हिशोब केला: ३.७ भागिले ०.२ म्हणजे १८.५ अँपिअर. वीसच्या आत. हिरवा टिक.

आता बग बघा. ३.७ हा लिथियम सेलचा सरासरी आकडा आहे. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्ट देतो. ४.२ भागिले ०.२ म्हणजे २१ अँपिअर, वॅटमध्ये ८८. मोबाईल रिपेअरवाल्याचं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. म्हणजे तीनपेक्षा जास्त सोल्डरिंग आयर्नची उष्णता, तोंडापासून दोन इंचांवर. घरातल्या गिझरच्या सॉकेटवर १६ अँपिअर लिहिलेलं असतं, इथे करंट त्याहून जास्त. माझ्या ॲपने लाल फुली दाखवायला हवी होती.

माझ्या चुकीमुळे करंट मर्यादेच्या पाच टक्के वर गेला होता. त्यापेक्षा मोठी गडबड सेलवरच्या छपाईत होती. तो सेल जुन्या लॅपटॉपच्या बॅटरी पॅकमधून काढून नवीन निळं प्लॅस्टिक चढवलेला निघाला. लॅपटॉपचे सेल साधारण चार-पाच अँपिअर सतत देण्यासाठी बनवलेले असतात. त्यांच्याकडून एकवीस मागणं म्हणजे एका माणसाच्या डोक्यावर चार गोणी देणं.

एका संध्याकाळी, कॅम्प नंबर ३ मधल्या त्याच्या घरी, ते यंत्र हातात असतानाच तापायला लागलं. त्याचं ‘मेकॅनिकल मॉड’ होतं, म्हणजे धातूची नळी, आत बॅटरी आणि खाली बटण. आत सर्किट नाही, फ्यूज नाही, काही बिघडलं तर बंद करणारी चिप नाही. त्याने ते गॅलरीत फेकलं. कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला, पांढरा धूर आला, मग शांत. उजव्या तळव्यावर फोड आले, तीन आठवडे त्याला लोकलची कडी धरता येत नव्हती. तो म्हणाला, “अरे, तुझ्या ॲपने तर ओके दाखवलं होतं.” चिडून म्हणाला नाही, नुसतंच म्हणाला. त्या रात्री मी एपीकेची लिंक काढून टाकली.

तो स्वस्तात सुटला हे मला नंतर कळलं. २०१८ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये ३८ वर्षांचा एक माणूस आणि २०१९ मध्ये टेक्सासच्या फोर्ट वर्थमध्ये २४ वर्षांचा एक तरुण व्हेप फुटून मेला. दुसऱ्याच्या बाबतीत उडालेल्या तुकड्याने मानेची रक्तवाहिनी कापली होती.

कायदा ‘भागां’बद्दल काय म्हणतो

आमची गोष्ट घडली तेव्हा केंद्राचा कायदा नव्हता. १८ सप्टेंबर २०१९ ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी बंदीची घोषणा केली, अध्यादेश आला आणि डिसेंबरमध्ये त्याचा इलेक्ट्रॉनिक सिगारेट प्रतिबंध कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप आणि जाहिरात, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा ठेवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. निकोटिन नसलेलं व्हेपही व्याख्येत येतं, त्यामुळे ‘माझं झिरो निकोटिन आहे’ हा बचाव चालत नाही.

ओढणाऱ्यासाठी मात्र कायद्यात वेगळी शिक्षा लिहिलेली नाही. म्हणून पोरं म्हणतात, “विकणाऱ्याला पकडतात, आपल्याला काय?” इथेच रीबिल्डेबलवाला फसतो. कायद्यात उत्पादनाच्या व्याख्येत ई-सिगारेट किंवा तिचा कोणताही भाग बनवणं आणि जोडणं, दोन्ही आहे. मी वकील नाही, पण साधं वाचलं तरी कळतं की स्क्रू-ड्रायव्हरवर तार गुंडाळून ती यंत्रात बसवणारा माणूस ग्राहक उरत नाही, तो ‘बनवणारा’ होतो. मित्राला दोन कॉइल करून दिल्या तर वाटपही झालं.

हे ‘भाग’ कायद्यात का आले असतील हे महाराष्ट्रात वेगळं समजवायला नको. आपल्याकडे २०१२ पासून गुटखाबंदी आहे. देशात जिथे जिथे गुटखा बंद झाला तिथे पान मसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी पुडी असा जोडीचा धंदा सुरू झाला. तळहातावर दोन्ही मिसळल्या की गुटखा तयार. व्हेपचंही तसंच होऊ शकतं. तार हार्डवेअरच्या दुकानात मिळते, कापूस आणि ग्लिसरीन मेडिकलमध्ये, सेल टॉर्चच्या दुकानात. यातली एकही वस्तू बेकायदा नाही. बेकायदा आहे ती जोडणी. म्हणून गुन्हा दुकानातून निघून जोडणाऱ्याच्या टेबलावर येतो.

कंपनी तूच, तपासणाराही तूच

आता ब्रिटन बघा. तिथे व्हेप कायदेशीर आहे. निकोटिन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, टाकी २ मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही. १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेपच्या विक्रीवर तिथे बंदी आली, म्हणजे कल पुन्हा भरायच्या यंत्रांकडे. तिथला हौशी कॉइल गुंडाळतो तेव्हा निदान बाटलीवर काय लिहिलंय ते कोणीतरी तपासलेलं असतं. आपल्याकडे बंदी असल्यामुळे लेबल तपासणारा कोणी नाही, बिल नाही, वॉरंटी नाही, आणि भाजलं तर ग्राहक मंचात जायची सोय नाही.

लेबल नसलेल्या मालाने काय होतं ते २०१९ मध्ये अमेरिकेत दिसलं. फुप्फुसांच्या एका आजाराची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ लोक रुग्णालयात गेले किंवा दगावले, त्यातले मृत्यू ६८. मुख्य संशय ‘व्हिटॅमिन ई ॲसिटेट’वर गेला. अनधिकृत गांजा-अर्काच्या कार्ट्रिजमध्ये ते घट्टपणासाठी मिसळलेलं होतं.

म्हणून बंदी उठवा, असं मी म्हणतोय का? नाही. सिगारेट सोडायला व्हेप मदत करतं हा युक्तिवाद ब्रिटनमध्ये मांडतात, कारण तिथे सिगारेट ओढणारे भरपूर. आपल्याकडे २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, पण धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के. आपला प्रश्न तोंडातल्या गोळीचा आहे. मावा खाणाऱ्या काकांसाठी कोणी कॉइल गुंडाळत नाही. कॉइल गुंडाळतो तो एफवायचा मुलगा, ज्याने आधी सिगारेटही ओढलेली नसते.

त्याला मी काय उत्तर दिलं

ॲप नाही, असं सांगितलं आणि विचारलं, “बॅटरी कुठली आहे? फोटो टाक.” फोटो आला. जांभळा सेल, वर छापलेलं ९९०० एमएएच.

१८६५० मापाच्या चांगल्या सेलमध्ये आज साडेतीन हजार एमएएचच्या आसपास बसतं. ९९०० लिहिलेला सेल खोटा आहे हे सांगायला मल्टिमीटरही लागत नाही. जो क्षमतेबद्दल तिप्पट खोटं बोलतो तो अँपिअरबद्दल खरं कशाला बोलेल?

व्हेप बाजूला ठेवा, हे सेल टॉर्चमध्ये आणि पॉवर बँकमध्येही असतात. तेव्हा सुटा सेल खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर ठेवू नका. प्लॅस्टिकचं वेष्टण फाटलेला, फुगलेला किंवा आपोआप गरम होणारा सेल वापरू नका. कचऱ्याच्या डब्यातही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

रविवारी तो घरी आला. मी जुना कोड उघडून ३.७ ची ओळ दाखवली, मित्राच्या तळव्याचा तेव्हाचा फोटो दाखवला आणि कायद्यातलं ‘कोणताही भाग’ हे कलम वाचून दाखवलं. निकोटिनची तलफ लागतेय का विचारलं, तर थोडा वेळ गप्प बसून हो म्हणाला. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाईनचा नंबर त्याच्या फोनमध्ये सेव्ह करून दिला: १८००-११-२३५६, टोल फ्री.

सेल माझ्याकडेच ठेवून घेतला. वजन केलं तर २७ ग्रॅम भरलं. खऱ्या सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या आसपास असतं.