काटा, डाएट आणि टाळ्या



आज जरा भांडायचं ठरवूनच बसले आहे. भांडण कुणा माणसाशी नाही, एका सवयीशी आहे. कुणी बारीक झालेलं दिसलं की "अरे वा, अभिनंदन! किती किलो उतरवलंत?" असं विचारायची जी सवय आपल्याला लागली आहे, ती मला साफ नामंजूर आहे. सानपाड्यात संध्याकाळी बागेतल्या बाकांवर हेच, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हेच, मुंजीच्या पंगतीतही हेच. पूर्वी बारीक झालेल्या माणसाला लोक विचारायचे, "का हो, बरं नव्हतं का?" तो प्रश्न आपण अडाणी म्हणून टाकून दिला. माझ्या मते तोच शहाणा होता.

थोडी पार्श्वभूमी सांगते. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (२००४ मध्ये अपघातात गेले) व्याख्यानांतून इन्सुलिनचं गणित मांडायचे आणि कमी वेळा खा म्हणायचे. लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तो धागा पुढे नेला आणि २०१८च्या सुमारास 'दिवसातून दोनदा, पंचावन्न मिनिटांत' हा मंत्र घरोघरी पाठ झाला. त्याआधी २००९ मध्ये ऋजुता दिवेकर यांचं पुस्तक आलं होतं. त्यांचं म्हणणं, दर दोन तासांनी थोडं थोडं खा. म्हणजे एकाच घरात सासू दोनदा जेवणार आणि सून दोन-दोन तासांनी! मग २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष आलं आणि ज्या घरांत भाताशिवाय पान हलत नव्हतं तिथे नाचणी, राळं, बाजरी एकदम अवतरली.

यातल्या कुणाशीच माझं वैर नाही. दोन्ही पद्धतींनी फायदा झालेली माणसं मी पाहिली आहेत. दीक्षित तर सुरुवात करण्याआधीच उपाशीपोटीचं इन्सुलिन आणि एचबीएवनसी तपासून घ्यायला सांगतात. पण ग्रुपवर फॉरवर्ड होतं ते फक्त 'दोनदा जेवा'. तपासणीचं वाक्य वाटेतच गळून पडतं.

आता माझा खरा आक्षेप. डाएटवाल्या मंडळींकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असतं. वजन उतरलं? डाएट लागू पडलं. वजन वाढलं? तुम्ही चोरून खाल्लंत. पोट फुगलं, जुलाब झाले, डोकं दुखलं? शरीरातली विषं बाहेर पडताहेत, घाबरू नका! वर्गात असा पेपर काढला असता, ज्यात काहीही लिहिलं तरी पैकीच्या पैकी गुण, तर मुख्याध्यापकांनी मला घरी पाठवलं असतं. जे म्हणणं कधी चुकूच शकत नाही, ते काही शिकवतही नाही.

साधा हिशेब करू. (मी मराठी-इतिहासाची बाई, पण एवढं गणित येतं.) एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. "चार दिवसांत दोन किलो गेले" असं कुणी म्हटलं, तर ती सगळी चरबी असायला रोज जवळजवळ ३,८५० कॅलरींची तूट हवी. माझ्या वयाच्या बाईचं दिवसभराचं खाणंच दोन हजारांच्या आत असतं. चारही दिवस निर्जळी केली तरी हिशेब जुळत नाही! मग गेलं काय? पाणी. आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून अर्धा किलोच्या आसपास ग्लायकोजेन नावाची साखरेची शिल्लक असते आणि ती आपल्या तिप्पट पाणी धरून ठेवते. भात-पोळी तोडली की ती शिल्लक खर्च होते आणि पाणी निघून जातं. रविवारी नातवंडांबरोबर पुलाव खाल्ला की दोन्ही परत येतात. त्यात लोणचं-पापडाचं मीठ पाणी धरून ठेवतं आणि आतड्यात असलेल्या अन्नाचंही वजन असतंच. म्हणजे किलो-दीड किलोचा चढउतार बऱ्याचदा ना पराक्रम असतो, ना पाप.

पोटाचंही तसंच. तंतू एकदम वाढवले की मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात आणि वायू होतो. कडधान्यांत काही शर्करा अशा असतात की त्या आपल्याला पचतच नाहीत, जिवाणूंनाच पचतात. खाणं कमी केलं आणि पाणीही कमी झालं की बद्धकोष्ठ. 'प्रोटीनसाठी' दूध वाढवलं आणि ते मुळात सोसत नसेल, तर गुरगुर. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल, तर तिच्यानेही पोट ढिलं होतं. यात विषं कुठे आहेत? साधी कारणं आहेत आणि बऱ्याच कारणांना साधे उपायही आहेत. पण 'विषं बाहेर पडताहेत' म्हटलं की कारण शोधायचं काम संपलं!

आणि कारण न शोधणं महागात पडतं, म्हणून तर हा सगळा त्रागा. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांचं वजन चार महिन्यांत सात किलो उतरलं. नुकतंच जेवण बदललेलं, त्यामुळे सगळं श्रेय डाएटच्या खात्यावर जमा झालं. ग्रुपवर टाळ्या आणि अंगठे. मधूनमधून पोटात दुखायचं, कधी जुलाब, कधी खडा. तेही त्याच खात्यावर. संध्याकाळी कणकण यायची ती 'अशक्तपणा' म्हणून. अखेर मुलीनं ओढून डॉक्टरकडे नेलं तेव्हा पोटाचा क्षयरोग निघाला. सहा महिन्यांच्या औषधांनी ते बरे झाले, देवाची कृपा. पण टाळ्यांत गेलेले ते महिने फुकटच गेले ना? जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. अशा देशात वजन उतरलेल्या माणसाला आधी कारण विचारायचं, की किलो?

वैद्यकात एक ठोकताळा आहे. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून जास्त घटलं, तर तपासणी करावी. साठ किलोच्या माणसाला हे म्हणजे फक्त तीन किलो. थायरॉइड, मधुमेह, क्षय, कर्करोग, उदासी, अगदी न बसणारी कवळीसुद्धा त्यामागे असू शकते. डाएट चालू असलं तरी ठरवल्याहून फार वेगानं वजन उतरत असेल, किंवा भूकच गेली असेल, तर हाच नियम लावा. उलट, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढून पाय सुजले, दम लागला, तर ते लोणच्याचं मीठ म्हणून सोडू नका. हृदयाचं दुखणं असू शकतं. आणि मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, तुम्ही जेवलात की नाही हे न बघता साखर उतरवतात. डॉक्टरांना न विचारता जेवण गाळलं तर चक्कर येऊन पडायची पाळी. आमच्या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड! शिवाय या वयात भराभर उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि झपाट्यानं वजन उतरवणाऱ्यांना पित्ताशयाच्या खड्यांचा धोका वाढतो, तो वेगळाच.

"मग काय, काही बदलूच नये का?" असं कुणी विचारेल. बदलावं की! पण चरकसंहितेत 'पादांशिक क्रम' सांगितला आहे, तो बघावा. अपथ्याची सवयसुद्धा एकदम तोडू नये; चौथा-चौथा हिस्सा सोडत जावं आणि त्या जागी पथ्य तसंच हळूहळू आणावं. आजचे डॉक्टर तंतूंबाबत याहून वेगळं काही सांगत नाहीत. 'पथ्य' हा शब्दच 'पथ' म्हणजे वाटेवरून आला आहे. वाट चालायची असते, तिच्यावरून उडी मारायची नसते. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे पोट कशानं बिघडलं ते कळेल. कडधान्यं भिजवून पाणी टाकून द्या. काट्यावर रोज चढू नका. आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर. आणि आकडा वहीत लिहा, ग्रुपवर नको.

ग्रुपवर विचारायचंच असेल तर विचारा, "भूक लागते ना? झोप येते ना? पोट साफ होतं ना?" 'किती उतरलं' हा प्रश्न यापुढे मला कुणी विचारला, तर मी उत्तर देणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला विचारलेला ऐकला तर भर पंगतीत टोकणार आहे. नातेवाइकांनी नोंद घ्यावी :)

असो. प्रतिक्रिया जरूर कळवा. वाद घालायचा असेल तर तोही चालेल, मात्र जेवून या!