मोत्या गवत का खातो?

आमच्या मोत्याला झोपायच्या आधी गोणपाटावर तीन-चार फेऱ्या मारल्याशिवाय चैन पडत नाही. दिवसभर दारात पसरलेला हा प्राणी रात्री मात्र देवळात आल्यासारखा प्रदक्षिणा घालतो आणि मग धप्पकन अंग टाकतो. सकाळी उठला की अंगणातली हराळी चावतो. सासूबाई भालकीहून मुक्कामाला आलेल्या असल्या आणि त्यांनी ते पाहिलं, की स्वयंपाकघरातूनच ओरडतात, "नायी हुल्लु तिन्नुत्ते, मळे बरुत्ते!" कुत्रं गवत खातंय, आता पाऊस येणार. आमच्या आईला हे मान्य नाही. ती म्हणते, "पोट बिघडलंय त्याचं, थोडा ओवा द्या." आणि शेजारच्या तेलुगू काकू कुंपणावरून सांगतात की कुत्र्याला दिष्टी लागली आहे, मीठ-मिरची ओवाळून टाका. एका कुत्र्याची तीन भाषांत तीन निदानं. मोत्या तिघींकडे आलटून पालटून बघतो आणि ज्यांच्या हातात भाकरी असेल त्यांचं म्हणणं मान्य करतो.

आपल्या सीमाभागातल्या घरांत हे नवीन नाही. कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच, असं मराठीत म्हणतात. कन्नडात 'नायी बाल डोंकु', तेलुगूतही 'कुक्क तोक वंकर'. तिन्ही भाषांनी मिळून कुत्र्याची एकच खोड पक्की ठरवून ठेवली आहे. देवाच्या दारीही तीच सोबत. आमच्या घरचं दैवत खंडोबा, बायकोच्या माहेरचं खानापूरचा मैलार मल्लण्णा, म्हणजे देव एकच. त्याच्याजवळ कुत्रा असतोच, आणि वाघ्या स्वतःला त्या देवाचा कुत्रा म्हणवून घेतो. माहूरला जावं तर दत्ताच्या पायाशी चार कुत्री. नामदेवांची भाकरी पळवणारा कुत्रा आणि त्याच्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव ही गोष्ट तर प्रत्येक घरात सांगितलेली असते. एवढी जवळीक असूनही हा प्राणी असं का वागतो, हे आपण क्वचितच पाहतो. मी इतिहासाचा मास्तर, पशुवैद्यक नव्हे. पण घरात कुत्रं वाढवताना जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं आणि एकदा चांगलीच ठेच लागून शिकलो, ते आज लिहितो.

आधी गवताचं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी 2008 साली गवत-पाला खाणाऱ्या दीड हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांना याबद्दल विचारलं. खाण्याआधी आजारी दिसणारी कुत्री शंभरात जेमतेम नऊ निघाली आणि खाल्ल्यावर नेहमी उलटी करणारी बावीसच्या आसपास. म्हणजे बहुतेक कुत्री पोट दुखतं म्हणून नव्हे, तर सवयीनं गवत खातात. ही खोड त्यांच्या रानटी पूर्वजांपासून आली असावी असं त्या अभ्यासकांचं मत. तेव्हा ओवा नको आणि पावसाची वाटही बघायला नको. (सासूबाईंचं म्हणणं अशक्य आहे हे मी त्यांना तीन वर्षांपूर्वी समजावून सांगितलं. त्याच संध्याकाळी धो धो पाऊस आला. तेव्हापासून मी या विषयावर त्यांच्याशी बोलत नाही.)

आपल्या जिल्ह्यात मात्र गवताची एक वेगळी भीती आहे. इथे जिकडेतिकडे कापूस, आणि कापसावर फवारणी. धुऱ्यावरच्या गवतावर औषध उडालेलं असतं. तिथे चरून आलेल्या कुत्र्याच्या तोंडातून एकाएकी लाळ गळू लागली, अंग थरथरलं, चालताना पाय लटपटले, तर ते विष समजावं आणि तडक दवाखाना गाठावा. त्याच फवाऱ्याचं औषध पाण्यात कालवून कुत्र्याच्या अंगावर गोचिडांसाठी चोळणारे लोक मी जैनथ-बेला भागात पाहिले आहेत. गोचीड मरतो हे खरं. कुत्रंही मरतं.

गोचिडाला हलकं समजू नये, हेही सांगून ठेवतो. पावसाळ्यात कानाच्या पाळीत, बोटांच्या बेचक्यात फुगलेले गोचीड सापडतात. ते रक्त तर पितातच, पण त्यांच्यामार्फत एक ताप येतो. कुत्रं खाणं सोडतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. वेळेवर गोळ्या मिळाल्या तर बहुतेक कुत्री बरी होतात. गोचीड काढताना चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढावा. रॉकेल, विडीचं चटकं वगैरे प्रकार करू नयेत. ताप आहे की नाही हे नाक कोरडं की ओलं यावरून ठरत नाही. उन्हात निजलेल्या धडधाकट कुत्र्याचं नाकही कोरडं असतं. कुत्र्याचं अंग मुळात आपल्यापेक्षा गरम, 101 ते 102.5 फॅरनहाइट. म्हणून हात लावून "तापलाय गं" म्हणत घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका. माणसाची गोळी कुत्र्याच्या यकृताला, जठराला, मूत्रपिंडाला महागात पडते.

मोत्या कधीकधी ओसरीवर बसल्या बसल्या मागचा भाग फरशीवर घासत पुढे सरकतो. पाहुण्यांसमोर हमखास. मुलं हसतात, आई म्हणते जंत झाले. जंत असतातही, शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे, आणि तो पिसवांमुळे होतो. पण बहुतेक वेळा कारण दुसरंच असतं. कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना वासाच्या छोट्या पिशव्या असतात. त्या तुंबल्या की ठणका लागतो. डॉक्टर दोन मिनिटांत त्या मोकळ्या करतात. वास मात्र असा, की मी त्या दिवशी जेवलो नाही.

रात्री गळा काढून रडणं हा आमच्या गल्लीतला दुसरा विषय. कुणाच्या तरी घरात वाईट होणार, अशी चर्चा दुसऱ्या दिवशी नळावर असते. लांडग्यांप्रमाणे कुत्रीही हेल काढून एकमेकांना हाक देतात आणि एकाचं ऐकून दुसरं साद देतं. माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक. आपल्याला न ऐकू येणाऱ्या आवाजालाही ते उत्तर देत असेल. गल्लीत म्हातारी माणसं आहेत, ती कधीतरी जातात, आणि कुत्री तर रोजच रडतात. एवढंच त्यातलं गणित.

गोणपाटावरच्या फेऱ्यांचंही तसंच. रानात गवत तुडवून, साप-विंचू हुसकून जागा करायची जुनी सवय. मान ताठ करून घुर्र घुर्र असा नाकानं आत श्वास ओढणं पाहून आपला जीव वर येतो, पण ती उलटी शिंक. गळ्यावरून हळू हात फिरवला की मिनिटाभरात थांबते. झोपेत पाय झाडणं म्हणजे स्वप्न. कान सारखा झटकत असेल, एका बाजूला मान कलती करत असेल तर मात्र कानात बघावं, आतून वास येत असेल तर डॉक्टरांकडे न्यावं. लहान पिलाला उलट्या आणि रक्ताची हगवण लागली तर उद्या बघू म्हणू नये. पार्व्होचं पिलू उद्यापर्यंत राहीलच असं नाही.

आणि हाडं. कोंबडीचं शिजलेलं हाड कुत्र्याला घालू नये, ते तुटून अणकुचीदार होतं. हाडावरूनच ती गोष्ट आठवते, जिच्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला.

2018 चा पोळा होता. पैनगंगेच्या काठी माझ्या एका मित्राचं शेत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, त्याच्याकडे मटणाचं जेवण असतं. त्या दिवशी संध्याकाळी त्याचा राखणीचा कुत्रा गोठ्याच्या कोपऱ्यात बसून होता. खालचा जबडा लोंबत होता, तोंडातून तार लागल्यासारखी लाळ. भुंकला तर आवाज घोगरा. मित्र म्हणाला, "सर, हाड अडकलं बघा घशात." मलाही तसंच वाटलं. कुत्रं कुणाच्या अंगावर येत नव्हतं, उलट शांत होतं. पिसाळलेलं कुत्रं म्हणजे तोंडाला फेस, दिसेल त्याला चावत सुटलेलं, पाण्याला भिणारं, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. आम्ही मुद्दाम पाण्याची पाटी पुढे ठेवली. त्यानं तोंड घातलं. घशाखाली काही उतरलं नाही, पण भ्यायलाही नाही. झालं, आमची खात्री पटली. मी मोबाइलचा उजेड धरला आणि दुसऱ्या हातानं त्याचा जबडा. मित्रानं घशात बोटं घातली. हाड सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मित्राचा फोन आला, कुत्रा गेला. मी आमच्या मोत्याच्या डॉक्टरांना सहज म्हणून सांगितलं. ते क्षणभर काही बोलले नाहीत. मग विचारलं, "तोंडात हात कुणी घातला?"

रेबीजचा एक मुका प्रकार असतो, हे मला वयाच्या चाळिशीत कळलं. त्यात कुत्रं चावत सुटत नाही. जबड्याचे आणि घशाचे स्नायू लुळे पडतात, गिळता येत नाही म्हणून लाळ गळते, आवाज बदलतो. हाड अडकलं असं वाटतं आणि घरातलंच माणूस हात घालतं. पाण्याची भीती हे माणसातल्या रेबीजचं लक्षण; कुत्रं पाण्याजवळ गेलं म्हणून ते निरोगी ठरत नाही. त्या कुत्र्याला नक्की तोच रोग होता का? मित्रानं त्याला धुऱ्यावर पुरून टाकलं होतं. मेंदूची तपासणी झाल्याशिवाय पक्कं सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले, पक्कं कळायची वाट बघायची नसते. लाळेतून विषाणू बाहेर टाकणारं कुत्रं साधारण दहा दिवसांच्या आत मरतं, म्हणून चावलेलं कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवायला सांगतात. पण सुई पहिल्याच दिवशी घ्यायची. आमचं कुत्रं तर मेलेलंच होतं.

मित्राच्या बोटांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे होते. माझ्या नखाजवळचं कातडं निघालेलं. आम्ही दोघं आदिलाबादला रिम्समध्ये गेलो. तिथे पहिल्यांदा हात साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायला लावले. खरं तर हे आदल्या संध्याकाळीच करायचं. साबणानं विषाणूचं बाहेरचं कवच मोडतं. हळद, चुना, मिरची यांनी जखम फक्त चिघळते. मित्राच्या ओरखड्यांभोवती तयार प्रतिद्रव्याचं इंजेक्शन दिलं. मग दोघांना लस, पहिला दिवस शून्य धरून 3, 7 आणि 28 व्या दिवशी, दंडावर. मित्राची आई सोबत आली होती. ती रडत होती, कारण तिच्या आठवणीत पोटात चौदा इंजेक्शनं होती. ती जुनी, मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस. 2005 च्या सुमारास ती आपल्या देशातून बाद झाली. तिला हे दोनदा समजावलं तेव्हा ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मंग माणसं भितात कशाला?"

घरी बायकोला सांगायला मला दोन दिवस लागले. ती आधी कन्नडात रागावली, मग मराठीत, आणि मग काही बोललीच नाही. मोत्याला दरवर्षी लस टोचून घेणारा मी, त्याचं कार्ड जपून ठेवणारा, दुसऱ्याच्या कुत्र्याला लस दिली आहे का एवढंही न विचारता त्याचा जबडा धरून उभा होतो. आणि रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की हातात जवळजवळ काहीच उरत नाही. पहिले काही महिने मला पाणी पिताना घसा आवळल्यासारखा वाटे. तो भास होता, हे कळत होतं. तरी ग्लास तोंडाला लावताना मी बायकोची नजर टाळत असे.

मित्राकडे आता नवा कुत्रा आहे. पिलू तीन महिन्यांचं झालं तेव्हा त्यानं पहिली लस टोचून घेतली, नंतर बूस्टर, आणि दरवर्षी न चुकता. 6 जुलैला, म्हणजे 1885 साली पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या मुलाला पहिली लस दिली त्या तारखेला, अनेक सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत कुत्र्यांना रेबीजची लस मोफत देतात. तो मोटारसायकलवर कुत्र्याला मध्ये बसवून आणतो, मी मोत्याला साखळीनं चालवत नेतो. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या चौकोनात बायको दरवर्षी कन्नडात दोन शब्द लिहून ठेवते: 'नायी सूजि'. कुत्र्याची सुई. यंदा त्याखाली मुलीनं मराठीत भर घातली आहे, 'आणि बाबांचे हात'.