भाड्याचं फर्निचर

सुट्टीत नात पुण्याहून कोल्हापूरला आली होती. तिने मला स्विचवर आपलं घर दाखवलं. 'ॲनिमल क्रॉसिंग' नावाचा खेळ आहे. त्यात जिंकणं-हरणं नाही. घर मांडायचं, मासे धरायचे, शेजारच्या प्राण्यांशी गप्पा मारायच्या. म्हणजे आमची भातुकलीच! त्या घरात टेबलाशेजारी एक जुनं गेमचं यंत्र ठेवलेलं. त्याच्या नकला १९९० नंतर आपल्याकडे घरोघरी होत्या. आमचा मुलगा कार्ट्रिजला फुंकर मारून खेळायचा.

"आजी, हे खरंच चालतं. पण मेंबरशिप असली तर."

माझं भांडण या 'तर'शी आहे.

हा खेळ २००१ साली जपानमध्ये आणि २००२ साली अमेरिकेत आला, तेव्हाही असले खेळ घरातलं फर्निचर म्हणून मिळत. डाँकी काँग, बलून फाईट, टेनिस... खोलीत ठेवा, बटण दाबा, खेळत बसा. निन्टेन्डो कंपनी तेव्हाही काही संत नव्हती. काही खेळांसाठी वेगळी कार्डं लागत, आणि सुपर मारिओ तबकडीत असूनही अमेरिकेत तो मिळवायची सरळ वाटच ठेवली नव्हती. पण एकदा घरात आलेली वस्तू घरातच राहायची. पुढच्या काही आवृत्त्यांतून ही गंमत गेली. २०२० साली आलेल्या आवृत्तीत ती जानेवारी २०२६ मध्ये परत आली, ती मात्र ऑनलाइन वर्गणीच्या अटीवर. वर्गणी नसेल तर यंत्र नुसतं शोभेला.

भाचा संगणकात काम करतो. तो हसला. म्हणाला, "मावशी, खोट्या घरातलं खोटं फर्निचर, त्याची मालकी कसली?"

अरे, भातुकलीतली चूल तरी कुठे खरी असते? पण ती पोरीच्या डब्यात असते. बोहारणीला द्यायची की धाकट्या बहिणीला, ते ती पोर ठरवते. तांबट आळीतला कारागीर दर महिन्याला येऊन 'पैसे द्या, नाहीतर चूल पेटणार नाही' असं म्हणत नाही.

सर्व्हरचा खर्च असतो म्हणे. मूळ सुपर मारिओ अवघा ४० किलोबाईटचा! तुम्ही सकाळी पाठवता त्या सुप्रभातच्या चित्रात असले कितीतरी मारिओ मावतील. आणि याच कंपनीने २०२४ च्या अखेरीस ॲनिमल क्रॉसिंगचा मोबाईलवरचा ऑनलाइन खेळ बंद करून त्याची एकदाच पैसे भरून घ्यायची आवृत्ती काढलीच ना? म्हणजे जमतं. मनात आलं की जमतं.

गंमत अशी की ही कंपनी १८८९ साली क्योटोत सुरू झाली ती पत्ते बनवायला. हानाफुदा नावाचे फुलांचे पत्ते. ते विकत घेणाऱ्याला कुणी वर्गणी मागितली नसेल.

पत्त्यांवरून आठवलं. आंबोली घाट उतरून सावंतवाडीला गेलो होतो, तेव्हा राजवाड्यातून दशावतारी गंजिफा आणली. गोल पत्ते, १० अवतार, प्रत्येकाचे १२, एकूण १२०. तेव्हापासून ती आमच्या शोकेसमध्ये आहे. पाहुणे बघतात, छान म्हणतात. आमच्या घरात ती खेळता कुणालाच येत नाही. वस्तू राहिली, खेळ गेला. आमच्याकडे हे आळसाने झालं, मान्य आहे. तिकडे तेच पैसे घेऊन आणि विचारपूर्वक चाललंय, याचा मला राग येतो. चालणारी वस्तू मुद्दाम शोभेची करून ठेवायची, आणि नऊ वर्षांच्या मुलीला ती 'तुझी' म्हणून द्यायची!

नातीला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे शोकेस उघडली आणि डबा काढला. दुपारभर आम्ही जमिनीवर १० ढीग लावत होतो. मत्स्य, कूर्म, वराह... मोजले तर ११८ भरले. दोन पत्ते कपाटाखाली सापडले.

खेळायची रीत कुणाला नीट येत असेल तर कळवा. ती दिवाळीत परत येणार आहे.