ग्रॅहम ग्रीनचा सालस अमेरिकन

ग्रॅहम ग्रीनची ‘द क्वाएट अमेरिकन’ ही कादंबरी १९५५ साली आली. अमेरिकेच्या लढाऊ फौजा व्हिएतनाममध्ये उतरायला तेव्हा दहा वर्षे अवकाश होता. फ्रेंच सत्ता खिळखिळी होत असताना ग्रीनने वार्ताहर म्हणून सायगाव जवळून पाहिले होते. कादंबरीतला अमेरिकन आल्डन पाइल खलनायक नाही. तो सभ्य आहे, अभ्यासू आहे आणि म्हणूनच घातक आहे. यॉर्क हार्डिंग नावाच्या लेखकाच्या पुस्तकांतून उचललेल्या ‘तिसऱ्या शक्ती’च्या, म्हणजे वसाहतवाद आणि साम्यवाद या दोहोंना पर्याय शोधणाऱ्या, सिद्धांतापायी तो बंडखोर जनरल थे याला स्फोटकांचे सामान पुरवतो आणि भर चौकात निरपराध माणसे मरतात. निवेदक फाउलर हा ब्रिटिश पत्रकारही काही धुतल्या तांदळासारखा नाही. पाइलच्या हत्येत त्याचा हात आहे आणि त्याच्या संतापात, पाइलने हिरावलेल्या फुओंग या व्हिएतनामी प्रेयसीपायी वाटणारा मत्सर मिसळलेला आहे. अमेरिकेवरची टीका प्रचारकी होत नाही ती यामुळेच. खुद्द फुओंग मात्र धूसर राहते, ही उणीव खरी. अमेरिकेत पुस्तकावर अमेरिकाद्वेषाचा शिक्का बसला. १९५८ च्या चित्रपटात जोसेफ मॅन्किविझने तर पाइलला निर्दोष ठरवून कथेचा रोखच फिरवला. पुढे याच कादंबरीवर आलेला फिलिप नॉइसचा चित्रपट मूळ कथेशी इमान राखणारा होता, पण ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर त्याचे प्रदर्शन २००२ पर्यंत लांबले.